वाड्यासमोरच्या 'भुताच्या' फोटोबद्दल थोडं स्पष्ट

मंडळी, पोस्ट मोठी आहे. ज्यांना एवढं वाचायचा कंटाळा आहे त्यांनी निदान मधला मावशींचा भाग वाचा, आणि मग तो फोटो पुढे पाठवायचा की नाही ते ठरवा.

गेल्या अमावस्येला आपल्या पंचक्रोशीतली चार पोरं रात्री एका बंद पडलेल्या जुन्या वाड्यासमोर मोबाईल घेऊन गेली. वाडा कुठला, वाडी कुठली हे लिहीत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे, ज्यांना नाही त्यांनी कमेंटमध्ये विचारू नका. साडेबाराला फोटो काढला, एक वाजता ग्रुपवर पडला. सकाळी डेअरीवर दूध घालायला गेलो तर काट्यापाशी कमी आणि एका मोबाईलभोवती जास्त गर्दी. दुपारपर्यंत फोटो घोडेगाव, कळंब, मंचर करून आला. संध्याकाळी माझ्या मेव्हणीने नारायणगावहून मलाच पाठवला, "दाजी, हे तुमच्या महाळुंग्याकडचं आहे ना?" आणि दुसऱ्या दिवशी कुणीतरी त्याची रील केली. मागे बाईच्या किंचाळण्याचा आवाज, वर लाल अक्षरात 'हडळ'.

आता फोटोत काय आहे? तीन गोष्टी. एक, हवेत तरंगणारे पांढरे गोळे, लहान-मोठे. दोन, दरवाजापाशी एक माणसाच्या आकाराचं काहीतरी, ज्याच्यातून मागची भिंत दिसते. तीन, माडीच्या खिडकीत एक पांढरा, बदामाच्या आकाराचा चेहरा. एवढं बघून कुणाचीही टरकेल. मी हसणार नाही. पहिल्यांदा बघितला तेव्हा माझ्याही पोटात गोळा आला.

पण मी बावीस वर्षं लग्नाचे फोटो काढतोय. रोलच्या कॅमेऱ्यापासून सुरुवात केली, आता ड्रोनपर्यंत आलो. त्यामुळे पोटातला गोळा बसल्यावर डोक्याने काम सुरू केलं. ज्या पोराने फोटो काढला त्याला म्हटलं, व्हॉट्सॲपवर आलेला फोटो नको, मूळ फाईल 'डॉक्युमेंट' म्हणून पाठव. का, तर व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की तो दाबून लहान होतो आणि फोटो कधी, कसा, किती वेळ शटर उघडं ठेवून काढला ही आतली माहिती गळून जाते. पोरगं सरळ आहे, लगेच पाठवली. त्याच्यावर माझा राग नाही, हे आधीच सांगतो.

पहिले गोळे घ्या. मोबाईलचा फ्लॅश लेन्सच्या अगदी बोटभर अंतरावर असतो. लेन्सच्या समोर वीतभर अंतरावर धुळीचा कण, दवाचा थेंब, चिलट असलं की फ्लॅशचा उजेड त्याच्यावर आपटून थेट लेन्समध्ये परत येतो. कण एवढा जवळ असतो की त्याचं नीट चित्र बनत नाही, नुसता पांढरा गोल उमटतो. पोरं कच्च्या रस्त्याने दोन गाड्यांवर गेली, गाड्या लावल्या आणि लगेच फोटो काढला. थंडीचे दिवस, हवेत दव, वर पोरांच्या तोंडातून निघणारी वाफ. गोळे नाही दिसणार तर काय दिसणार?

अहो, बैलगाडा घाटात भंडारा उधळला की माझ्या प्रत्येक फ्लॅशच्या फोटोत असले शंभर गोळे असतात. तुमच्या घरात अल्बम आहेत, काढून बघा. यात्रेतल्या गोळ्यांना कुणी आत्मा म्हणत नाही, कारण तिथे ढोल-लेझीम चालू असतं. तोच गोळा अंधारात बंद वाड्यासमोर दिसला की हडळ. फरक फोटोत नाही, आपल्या मनात आहे.

दुसरं, तो आरपार दिसणारा माणूस. आताच्या मोबाईलमध्ये 'नाईट मोड' असतो. अंधारात तो एक फोटो काढत नाही. दोन-तीन सेकंद, कधी त्याहून जास्त वेळ एकामागून एक फोटो घेत राहतो आणि सगळे एकमेकांवर बसवून एक करतो. भिंत हलत नाही, ती स्वच्छ येते. माणूस अर्धा वेळ उभा राहिला आणि अर्धा वेळ चालला, की तो अर्धाच उमटतो. त्याच्यातून भिंत दिसते. मूळ फाईल मोठी करून बघितली. गेलेली पोरं चार. एकाने फोटो काढला, दोन फाटकापाशी उभी दिसतात. मग चौथा कुठाय? चौथा तोच! दरवाजा ढकलायला गेला आणि घाबरून मागे फिरला. भुताचे पाय उलटे असतात असं आजी सांगायची. ह्या भुताचे पाय सरळ होते आणि पायात पांढऱ्या तळव्याचे बूट होते. चौथ्याला विचारलं तेव्हा तो हसून म्हणाला, "होय, मीच असंल." एवढा वेळ का बोलला नाही रे? तर म्हणे, "सगळे एवढे मनावर घ्यायला लागले, मग नाही बोललो."

तिसरा, खिडकीतला चेहरा. त्यासाठी मी वाड्याच्या मालकांकडे रीतसर गेलो, किल्ली मागितली आणि दिवसाउजेडी आत गेलो. खिडकीखाली पांढऱ्या विष्ठेचे ओघळ आणि काळपट गोळ्या पडलेल्या. एक गोळी फोडली, आत उंदराची हाडं आणि केस. हे गव्हाणी घुबड. पांढरं तोंड, बदामाचा आकार, पंखांचा आवाज अजिबात नाही आणि ओरडतं ते अगदी बाई किंचाळल्यासारखं. जुने वाडे, देवळांचे कळस, पडक्या माड्या ही त्याची हक्काची घरं. ज्या शेतकऱ्याच्या वावरात हे घुबड फिरतं त्याचे उंदीर फुकटात कमी होतात. घुबडाला वन्यजीव कायद्याचं, 1972 च्या, संरक्षण आहे. तरी त्याला अशुभ म्हणून दगड मारणारे आपणच, आणि काळ्या जादूसाठी त्याचा जीव घेणारेही माणसंच.

एवढ्यावर थांबलो नाही. रात्री आठला मालकांना सांगून, दोन जाणत्या माणसांना सोबत घेऊन त्याच जागेवर उभा राहिलो. फ्लॅश लावून दहा फोटो, फ्लॅश बंद करून दहा. फ्लॅशच्या फोटोंत गोळे, बिनफ्लॅशच्यात एकही नाही. मग मुद्दाम गाडी पुढे-मागे करून धूळ उडवली, गोळे दुप्पट. नाईट मोडवर सोबतच्या पाटलांना दरवाजापासून चालत यायला लावलं. पाटलांचं भूत तयार. सगळे फोटो कमेंटमध्ये टाकतोय, वाडा ओळखू येणार नाही एवढं कापून. त्या पोराची मूळ फाईल टाकत नाही, ती त्याची आहे. पण माझी परीक्षा तुमच्या घरासमोर तुम्हीही करू शकता. झाडलोट केल्यावर अंगणात फ्लॅश मारून बघा.

आणि हा प्रकार आजचा नाही. मोबाईल नव्हता, वीजही नव्हती तेव्हापासून आहे. अमेरिकेत 1860 च्या दशकात विल्यम ममलर नावाचा फोटोग्राफर होता. तो म्हणायचा, माझ्या फोटोत तुमची मेलेली माणसं येतात. तिकडे यादवी युद्धात घरोघरी माणसं मेलेली, लोक रांगा लावून पैसे द्यायला तयार. 1869 मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्याच्यावर फसवणुकीचा खटला झाला. एकाच काचेवर दोनदा फोटो उमटवता येतो हे कोर्टात फोटोग्राफरांनीच सांगितलं. पुरावा पुरेसा नाही म्हणून तो सुटला, आणि पुढे खुद्द अब्राहम लिंकनच्या विधवेने त्याच्याकडून फोटो काढून घेतला. मागे लिंकनची धूसर आकृती, तिच्या खांद्यावर हात ठेवलेला. बिचारी दुःखात होती. तिची चूक नव्हती. तिच्या दुःखावर धंदा करणाऱ्याची होती. आज लाईक आणि व्ह्यूजवर तेच चाललंय.

तुम्ही म्हणाल, दीडशे वर्षांपूर्वीची अमेरिका कशाला, पुण्यात बघ की, शनिवारवाड्यात. बघतो. आपल्या जिल्ह्यातलं सगळ्यात नावाजलेलं भूत तिथलंच. 'काका, मला वाचवा' अशी हाक येते म्हणतात. कोणी सांगतं पौर्णिमेला, कोणी सांगतं अमावस्येला. एवढी प्रसिद्ध हाक, पण तिची तिथी अजून ठरत नाही! किती पोरं रात्री तटाबाहेर माईक धरून उभी राहतात. माईकमध्ये काय येतं, तर शिवाजी रस्त्यावरचे हॉर्न.

खरं काय घडलं ते बघा. 30 ऑगस्ट 1773 ला भरदिवसा, पगारासाठी दंगा करत गारदी वाड्यात घुसले आणि अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्याला त्यांनी चुलत्याच्या समोर कापला. हे भुताने सांगितलेलं नाही, कागदांनी सांगितलेलं आहे. रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी केली, सत्तेवर बसलेल्या राघोबाला तोंडावर दोषी धरलं आणि पद सोडून निघून गेले. वाड्याची आतली इमारत तर 1828 च्या आगीत जळाली. आज उभे आहेत ते तट, दरवाजे आणि जोती. जिथे खून झाला ते दालनच उरलेलं नाही.

आता मला सांगा, ह्या सगळ्या प्रकरणातली शहारा आणणारी गोष्ट कोणती? भिंतीआडची हाक, की सत्तेपुढे उभं राहून 'तू खुनी आहेस' असं सांगणारा न्यायाधीश? आपल्या पोरांना हाक पाठ आहे. रामशास्त्री विचारा, दहातले किती सांगतात बघा. भुताची गोष्ट हेच करते. ज्या प्रश्नाचं उत्तर माणसांकडून घ्यायचं असतं, तो प्रश्न ती अंधारात नेऊन पुरते.

आता मावशींचा भाग.

त्या वाड्याच्या मागच्या पडवीत एक मावशी एकट्या राहतात. वय सत्तरीच्या पुढे. किल्ली त्यांच्याकडेच होती. मी किल्ली मागितली तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "फोटो काढायला आलास का रे तू पण?" मी मान खाली घातली.

तुम्ही ज्या 'हडळी'ची रील पुढे पाठवली ती त्यांची सून. तीस वर्षांपूर्वी गेली. आपल्याकडे गोष्ट काय पसरली? सासरच्यांनी छळलं, विहिरीत जीव दिला, म्हणून फिरते. घडलं काय? आषाढातली रात्र, दुसरं बाळंतपण, घरीच. बाळ झालं आणि रक्त थांबेना. ओढ्याला पाणी, जीप मिळाली ती पहाटे. वाटेतच गेली. सव्वीस वर्षांची होती. ना विहीर, ना छळ. एक गाडी आणि एक बाटली रक्त वेळेवर मिळालं असतं तर ती बाई आज आजी झाली असती.

ते बाळ जगलं. आज चाकणला कंपनीत कामाला आहे. रील त्याच्या कंपनीतल्या मित्राने त्याला दाखवली, गंमत म्हणून, त्याला माहीत नव्हतं. रात्री अकरा वाजता त्याचा मला फोन. मी त्यांच्या घरच्या लग्नाचे फोटो काढलेत म्हणून नंबर होता. पोरगं बराच वेळ काही बोललंच नाही. मग एवढंच म्हणाला, "दादा, ती हडळ नाही ओ. आई आहे माझी. मी तिला बघितलेली पण नाही."

मी काय उत्तर देणार होतो? तुम्ही द्या. ज्यांनी ज्यांनी हसण्याचे आणि घाबरल्याचे इमोजी टाकून ती रील पुढे पाठवली त्यांनी त्याला फोन करून उत्तर द्यावं.

जरा विचार करा, आपल्या भुतांची यादी काढून बघा. बाळंतपणात गेलेली बाई म्हणजे हडळ, अळवंतीण. मुंज होऊन लग्नाआधी गेलेला पोरगा म्हणजे मुंजा. पाण्यात बुडालेला गिऱ्हा. ही यादी म्हणजे दुसरं काही नाही, वेळेआधी गेलेल्या आपल्या माणसांची यादी आहे. दवाखाना लांब होता म्हणून गेलेली, औषध नव्हतं म्हणून गेलेली, विहिरीला कठडा नव्हता म्हणून गेलेली. त्यांना भूत केलं की सगळ्यांची सुटका होते. दवाखाना का नव्हता हे विचारावं लागत नाही. आजही आपल्या तालुक्याच्या पश्चिमेला, डोंगरातल्या वाड्यांवरून अडलेल्या बाईला खाली आणायचं म्हणजे काय दिव्य असतं हे तिकडच्यांना विचारा. त्याचा फोटो कोण काढतं? त्याला किती लाईक?

आणि 30 जुलै 2014 विसरलात का? माळीण आपल्याच तालुक्यातलं. एका सकाळी डोंगर खाली आला आणि दीडशेच्या वर माणसं गाडली गेली. उद्या कुणी तिथे रात्री कॅमेरा घेऊन 'आवाज येतात' म्हणून रील करायला गेला, तर तुम्ही काय म्हणाल? 'मनोरंजन आहे, दुर्लक्ष करा' म्हणाल? त्या घरांतली वाचलेली माणसं अजून आपल्यात आहेत. मग मावशींच्या सुनेला वेगळा न्याय का? ती एकटी मेली म्हणून?

आता जे म्हणतात 'पोरं आहेत, थोडी मजा केली, बिघडलं काय', त्यांच्यासाठी.

पहिलं, बिबट्या. आपण जुन्नर वनविभागात राहतो. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर. धरणं झाली, कालवे आले, ऊस आला आणि उसात बिबट्या आला. त्याची पिल्लं आता जंगलात नाही, उसातच जन्मतात. पकडलेल्या बिबट्यांसाठी माणिकडोहला निवारा केंद्र चालवावं लागतं अशी आपल्याकडची परिस्थिती. आपल्या भागातला शेतकरी वर्षानुवर्षं ओरडतोय, शेतीला दिवसा वीज द्या, रात्री पाणी धरायला जाताना जीव मुठीत धरून जावं लागतं. वनविभाग कानीकपाळी ओरडून सांगतो, अंधारात एकटं फिरू नका, उसाच्या कडेला वाकून बसू नका, बॅटरी ठेवा, मोठ्याने बोला, गाणी लावा. आणि आमचे बहाद्दर काय करतात? अमावस्येला, साडेबाराला, उसाच्या कडेला, उजेड बंद करून, चिडीचूप, गुडघ्यावर बसून फोटो काढतात! बिबट्याने आमंत्रणपत्रिका मागितली असती तर ह्याहून चांगली लिहिता आली नसती. अंधारात दोन डोळे चमकले की 'भूत' म्हणून व्हिडिओ काढत उभं राहणारी ही पोरं आहेत. ते डोळे भुताचे नसतात, आणि त्यांना व्ह्यूजची पर्वा नसते. बिबट्या दिसला तर वनविभागाचा 1926 नंबर लावा, रील नाही.

दुसरं, साप. पडकं घर म्हणजे उंदीर, उंदीर म्हणजे साप. मण्यार रात्रीच फिरते आणि तिचा दंश कित्येकदा कळत पण नाही. चपलेवर, हातात मोबाईल, नजर खिडकीकडे. पाय कुठे पडतो त्याचं भान आहे?

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे भुतापेक्षा भयंकर आहे. अफवा. 2024 च्या पावसाळ्यात रात्री ड्रोन फिरतायत म्हणून आपल्याच जिल्ह्यातली गावंच्या गावं काठ्या घेऊन जागी होती, आठवतंय ना? अशा वेळी अनोळखी चार पोरं रात्री बंद घराभोवती मोबाईलच्या उजेडात फिरताना दिसली तर जमाव विचारपूस करेल की आधी हात उचलेल? 1 जुलै 2018, धुळे जिल्हा, साक्री तालुका, राईनपाडा. मंगळवेढ्याकडून पोटासाठी आलेली, भिक्षा मागून जगणारी नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाईलवरून पसरलेली. जमावाने त्या पाचही जणांना ठेचून मारलं. तिथे पण सुरुवात 'पुढे पाठवा' अशीच झाली होती. फॉरवर्ड करणाऱ्या कुणालाही खून करायचा नव्हता. पण पाच प्रेतं पडली.

तेव्हा 'नुसती मजा' हे मला सांगू नका.

काही जाणती माणसं मला म्हणाली, "तुझं सगळं बरोबर, पण जगात विज्ञानाला न कळलेलं पण काही असतं की नाही?" असेल, शंभर वेळा असेल. माझं कुठे नाही म्हणणं आहे? पण न कळलेल्या गोष्टीचा शोध घ्यायची एक रीत असते. आधी कळलेली कारणं एकेक करून बाजूला काढायची. धूळ नाही ना? घुबड नाही ना? चौथा मित्र नाही ना? सगळं काढून जे उरेल ते घेऊन या, मी स्वतः माझा कॅमेरा घेऊन येतो. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने चमत्कार सिद्ध करणाऱ्याला 21 लाखांचं आव्हान कधीचं दिलेलं आहे. ज्याच्याकडे खरंच भुताचा फोटो आहे त्याने व्ह्यूजच्या चिल्लरमागे का लागावं? 21 लाखात ट्रॅक्टर येऊन वर विहिरीला कठडा बांधून होईल.

काहींनी उलट टोक गाठलं. म्हणे पोरांवर जादूटोणा कायद्याखाली गुन्हा दाखल करा. तेही चूक. 2013 चा आपला कायदा फोटो काढण्याविरुद्ध नाही. भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण करणं, भुताला आवाहन करून लोकांत घबराट पसरवणं, एखाद्याला सैतान ठरवून त्याचं जगणं अवघड करणं, साप चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देता मंत्र मारत बसणं, अशा गोष्टींना त्यात सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आहे. त्या कायद्यासाठी झटलेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांना 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात गोळ्या घातल्या. कायदा एवढ्या किमतीचा आहे, तो सोळा वर्षांच्या पोरांना धमकवायला वापरू नका. त्या चौघांना मी घरी बोलावलं, माझा मोठा कॅमेरा हातात दिला आणि नाईट मोड, शटर, फ्लॅश सगळं समजावलं. त्यातल्या एकाने दुसऱ्या दिवशी पहाटेचं धुकं टिपलं. काय सुंदर फोटो आलाय! डोळा आहे त्या पोराला. मावशींकडेही चौघं जाऊन आली, स्वतःहून. मावशींनी चहा दिला आणि म्हणाल्या, "परत आलात तर दिवसा या."

पोरं सुधारली. प्रश्न आपला, चाळीशी-पन्नाशीच्या जाणत्यांचा आहे. फोटो काढला पोरांनी, पण पसरवला आपण. किंचाळण्याचा आवाज लावणारा पण मोठाच माणूस आहे. त्याला मी दोनदा सांगितलं, रील काढ म्हणून. "व्ह्यूज चांगले चाललेत, आठवडाभर राहू दे" असं उत्तर मिळालं. नाव घेत नाही, तो ही पोस्ट वाचणार आहे. बाबा, एका आईच्या मरणावर किती दिवस दुकान चालवणार?

शेवटचं. परवा 12 डिसेंबर होता. त्याच ग्रुपवर, त्याच आठवड्यात मी बाबू गेनूंना अभिवादनाची पोस्ट टाकली होती. तीन अंगठे आले, त्यातला एक माझ्या भावाचा. भुताच्या फोटोला दोनशेच्या वर.

आपल्या महाळुंगे पडवळचा पोरगा. 1908 चा जन्म, गरिबीत वाढलेला, मुंबईत गिरणीत कामाला. 12 डिसेंबर 1930 ला काळबादेवीत विदेशी कापडाचा ट्रक अडवायला रस्त्यात आडवा झाला. ट्रक अंगावरून गेला. अवघा बाविशीचा. डिंभ्याच्या ज्या पाण्यावर आपला ऊस उभा आहे त्या जलाशयाला त्याचं नाव आहे, हुतात्मा बाबू गेनू सागर. ह्या गावाला मेलेल्या माणसाची आठवणच काढायची असेल तर एवढा मोठा माणूस दिलाय की. तो कुणाला भीती घालत नाही. फक्त विचारतो, तुम्ही कशासाठी रस्त्यावर उतरता? आणि आपण सांगणार, साहेब, आम्ही रात्री साडेबाराला धुळीचे फोटो काढायला उतरतो.

म्हणून तीन गोष्टी मागतो. ज्यांच्या मोबाईलमध्ये तो फोटो, ती रील आहे त्यांनी आज ती काढून टाका आणि जिथे जिथे पाठवली तिथे 'हे खोटं होतं' एवढं एक वाक्य लिहा. पुढच्या वेळी असा फोटो आला तर आधी मूळ फाईल मागा, फोटोत किती माणसं गेली होती ते मोजा. आणि ग्रामसभेत मी एक विषय मांडणार आहे, वरच्या वाड्यांवरच्या गरोदर बायांसाठी रात्री-अपरात्री कोणाची गाडी हक्काने मिळेल त्यांची नावं आणि नंबर लिहून देवळासमोर फलक लावायचा. पहिलं नाव माझ्या गाडीचं. दुसरं त्या चाकणच्या पोराने दिलंय, तो सुट्टीला गावी असतो तेव्हाचं. तिसरं कोण देतंय?

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर कमेंटमध्ये भांडा, मी उत्तर देईन. फक्त मावशींच्या दारात रात्री जाऊ नका. त्यांना झोप आधीच कमी येते.